व्यसनातून बाहेर आल्यावर एमएसडब्ल्यूला प्रवेश घेताना

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअपला येणाऱ्या बायकांपैकी कुणी ना कुणी हमखास विचारतं, "ताई, मलाही तुमच्यासारखं समुपदेशक व्हायचंय. काय करावं लागतं?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. वय तिशी-चाळिशीचं, शिक्षण लग्नाबरोबर थांबलेलं, आणि व्यसन सुटल्यावर मोकळ्या झालेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न समोर उभा. उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझ्याबद्दल गरजेपुरतं सांगते. मी दारू आणि झोपेच्या गोळ्या अशा दोन्हींत अडकले होते. गोळ्या सुरुवातीला डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या, पुढे त्याच जुन्या चिठ्ठीवर मिळत राहिल्या. अल्प्राझोलमसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, दुकानदारानं त्यांची वेगळी नोंद ठेवणं बंधनकारक आहे, तरीही मिळत राहिल्या. निवासी उपचार झाले, ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या स्वमदत गटाच्या, मीटिंगा सुरू झाल्या, आणि बऱ्याच काळानंतर मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. बी.ए. लग्नाआधी झालेलं होतं. आज एका केंद्रात बायकांच्या विभागात काम करते.

या कामाला बायका हव्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ या वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात आणि बायका १.६ टक्के, असं दिसतं. आकडा लहान आहे, म्हणून सोयीही तितक्याच कमी. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, त्यांचा 'निशिगंध' हा खास बायकांसाठीचा विभाग आहे. पण असे विभाग महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकेच. गावातली बाई पुरुषांनी भरलेल्या केंद्रात दाखल होत नाही, आणि घरचेही तिला पाठवत नाहीत. दाखल झालीच, तर पहिले काही दिवस ती एकच गोष्ट विचारते, मुलं कुणाकडे आहेत. हा प्रश्न ऐकून न बिचकणारी माणसं तिथं असायला हवीत.

आता पहिला सल्ला, जो कुणालाच आवडत नाही: लगेच फॉर्म भरू नका. व्यसनमुक्तीच्या वर्तुळात पहिल्या वर्षी मोठे निर्णय टाळा असं सांगतात. कॉलेज हा मोठाच निर्णय आहे. उपचारातून बाहेर आल्यावर अंगात उत्साह मावत नाही, आपण वाचलो तर आता दहा जणींना वाचवू असं वाटतं. तो उत्साह खरा असतो. पण दुसऱ्याच्या दुःखात बुडून गेलं की स्वतःकडे बघावं लागत नाही, आणि त्या अवस्थेत बघणं सगळ्यात गरजेचं असतं. मधल्या काळात मीटिंगमध्ये चहाची जबाबदारी घ्या, फॉलोअप चुकवू नका. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत 'पिअर एज्युकेटर' नावाचं पद असतं, ते व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तीसाठीच असतं. त्यासाठी पदवीची अट नाही, लिहितावाचता येणं आणि काही काळ टिकलेली सोबरायटी, म्हणजे व्यसनापासून दूर राहणं, लागते. काही जणींना तिथं गेल्यावर कळतं की आपल्याला हेच काम करायचंय, पदवी नको. तेही पूर्ण काम आहे.

पदवी हवी असेल, तर रस्ते असे आहेत. बारावी राहिली असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. बारावी झाली असेल तर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नाही तर एसएनडीटीच्या दूरशिक्षणातून पदवी. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यू करता येतं, दोन वर्षं, चार सेमिस्टर. टिसला, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, जायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इतर कॉलेजांचे नियम वेगवेगळे आहेत, तिथं प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं बरं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हेही तेव्हाच विचारून घ्या. मूल फार लहान असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू हा पर्याय आहे, पण जमत असेल तर मी नियमित कॉलेजच सुचवेन, कारण या शिक्षणाचा गाभा पुस्तकात नाही, फील्डवर्कमध्ये आहे.

एम.ए. मानसशास्त्र की एमएसडब्ल्यू, हाही प्रश्न येतो. नुसत्या एम.ए.वर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. त्याला पुढचं प्रशिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. मी एमएसडब्ल्यू निवडलं, कारण माझ्यासमोर येणाऱ्या बाईच्या प्रश्नांत रेशनकार्ड असतं, मुलाची शाळा असते, पोलीस चौकी असते, नवऱ्याचं कर्ज असतं. तिची चिंता या सगळ्यातून सुटी काढून तपासता येत नाही.

कागदपत्रांत बायकांची एक खास अडचण होते. गुणपत्रिका माहेरच्या नावानं, आधारकार्ड सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी काम भागतं, काही कार्यालयं राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात. त्या नोंदीला वेळ लागतो, म्हणून हे काम निकाल आणि प्रवेशाच्या धांदलीआधी उरका. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात 'कौटुंबिक व आरोग्याच्या कारणामुळे' एवढं लिहिलं तरी पुरतं, ते खरंही आहे. व्यसनाचा उल्लेख करायची गरज नाही. विद्यापीठ बदललं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, शिवाय एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक. फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आपल्या गटाची शिष्यवृत्ती बघा आणि उत्पन्नाचा दाखला ताजा काढून ठेवा.

वर्गात मुलं मला ताई म्हणायची. त्यांच्याशी जमवून घेणं अवघड गेलं नाही. अवघड होते ते काही तास. व्यसनावरचा विषय शिकवताना 'मद्यपी आईच्या मुलांवर होणारे परिणाम' अशी यादी फळ्यावर येते, मुलं ती वहीत उतरवून घेतात, आणि आपण त्याच बाकावर बसलेलो असतो. तेव्हा काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. मी फक्त माझ्या फील्डवर्क सुपरवायझरना सगळं सांगितलं होतं, वर्गाला नाही. माझं मत असं की एका विश्वासाच्या शिक्षकाला सांगावं आणि बाकीच्यांना सांगायची घाई करू नये. आपली गोष्ट सांगून टाळ्या मिळतात, मग प्रत्येक चर्चेत सगळे आपल्याकडे वळून बघतात, आणि आपण विद्यार्थिनी न राहता उदाहरण होऊन बसतो. शिवाय आपल्या गोष्टीत आपली मुलंही आहेत. त्यांना न विचारता ती कुणाला सांगायची, हा प्रश्न उरतोच.

फील्डवर्कबद्दल मात्र भरपूर सांगायचंय. आठवड्यातले दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत जायचं, आल्यावर अहवाल लिहायचा, आणि आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक बैठकीत, त्यावर बोलायचं. पहिल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्र मागू नका. आणि जिथं आपण स्वतः उपचार घेतले तिथं तर विद्यार्थिनी म्हणून जाऊच नका. तिथल्या भिंती आपल्याला पेशंट म्हणून ओळखतात, आणि तिथले लोक आपल्याला कौतुकानं वागवतात. दोन्हींमुळे शिकणं अर्धवट राहतं.

मला महापालिकेची एक शाळा मिळाली होती. सहावीतला एक मुलगा सतत गैरहजर, म्हणून गृहभेटीला गेले. दार त्याच्या आईनं उघडलं. तोंडात लवंग. चहा ओतताना कपाची कड किटलीला लागून वाजत होती, मग तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि ओतलं. काय आहे ते मला दारातच कळलं होतं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: कुठं न्यायचं, कुणाला फोन करायचा, पहिला आठवडा कसा जातो. सुपरवायझरनी शिकवलेली एक गोष्ट तेवढी लक्षात होती, बाई जे बोलते त्यापासून सुरुवात करायची. ती छप्पर गळतंय म्हणत होती, मुलाकडे गणवेश नाही म्हणत होती. मी दारूचा शब्द काढला नाही. गणवेशाचं बघितलं, शाळेत मुख्याध्यापिकांशी बोलले, पुन्हा गेले, परत गेले.

अहवाल 'प्रोसेस रेकॉर्डिंग' पद्धतीनं लिहायचा होता: ती काय बोलली, मी काय बोलले, मला काय वाटलं, असे तीन रकाने. माझा तिसरा रकाना पानभर भरला होता, पहिला जेमतेम चार ओळींचा. सुपरवायझर काही बोलल्या नाहीत. दोन्ही रकान्यांवर पेन्सिलीनं एकेक उभी रेघ ओढली आणि वही माझ्याकडे फिरवली. बिएस्टेक यांची व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं आम्ही पाठ केली होती, त्यातलं एक 'नियंत्रित भावनिक सहभाग'. त्या दोन रेघांची लांबी बघून ते मला समजलं. त्या खोलीत माझं दुःख जास्त जागा घेत होतं. पुढच्या भेटींत पहिला रकाना वाढत गेला. आणि एक दिवस त्या बाईनंच विचारलं, "तुमच्या ओळखीत हात थरथरतो त्याचं औषध देणारं कुणी आहे का?" मग मी जे सांगितलं, ते तिनं विचारलं म्हणून सांगितलं.

आपण यातून गेलो आहोत, याचा उपयोग आहेच. लवंगेचा वास, मनगट धरणं हे मला शिकवावं लागलं नाही. पण समोरची बाई म्हणजे मी नव्हे. तिचा नवरा वेगळा, तिची भीती वेगळी, तिचं व्यसन सुटायचा रस्ताही वेगळा असू शकतो. मला ए.ए.नं तारलं म्हणून तिला तेच लागू पडेल असं नाही. कुणाला औषधोपचार लागतात, कुणाला आधी मारहाण थांबायला हवी असते. स्वतःची कहाणी बाजूला ठेवून ऐकता येणं, यासाठीच ही दोन वर्षं आहेत. मला विचाराल तर बाकी सगळा अभ्यासक्रम त्याच्या आजूबाजूचा.

घराकडे येते. सबमिशनच्या दिवसांत मी रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून लिहीत बसायचे. एकदा मुलगी पाणी प्यायला उठली आणि दारात थांबून म्हणाली, "आई, तू परत रात्रीची जागायला लागलीस." तिच्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या रात्रीच्या दिव्याचा अर्थ वेगळा होता. मी अभ्यास पहाटे हलवला. मुलांना आपलं कॉलेज आवडेलच असं नाही. आधी व्यसनानं आई नेली, आता फील्डवर्कनं नेली, असंही त्यांना वाटू शकतं. कॉलेजच्या शिबिराला जायच्या आधी किती दिवस, कुठं, रोज फोन किती वाजता, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि ती वेळ पाळा. मुलं अजूनही तोंडाचा वास घेत असतील, पिशवी चाचपत असतील, तर ती चाचपू द्या.

परीक्षेच्या काळात मीटिंग सोडू नका. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपासून जपा असं मीटिंगमध्ये सांगतात, आणि परीक्षा चारही एकदम घेऊन येते. डबा न्या. झोप येत नाही म्हणून मैत्रिणीनं दिलेली गोळी घेऊ नका, एकही नाही. आणि गोळ्या अजून चालू असतील तर स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नका, त्यानं फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्या. फारच ओढ लागली आणि जवळचं कुणी उचलत नसेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. समुपदेशक होऊ घातलेल्या बाईनं तिथं फोन करण्यात काहीच वावगं नाही.

नोकऱ्या मिळतात, पगार मात्र बेताचा असतो. अनुदानावरच्या केंद्रांत तो उशिरा होतो, तेव्हा सुरुवातीला घर केवळ त्यावर अवलंबून ठेवू नका. व्यसनमुक्ती केंद्राशिवाय रुग्णालयात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती, पोलिसांबरोबर काम करणारे महिलांसाठीचे विशेष कक्ष, संकटातल्या बायकांना मदत करणारं सखी केंद्र, एचआयव्ही समुपदेशन अशा जागा असतात. खासगी केंद्रात जाताना आधी त्याची नोंदणी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, त्यामुळे पेशंटचे हक्क तिथं लागू होतात. जिथं पेशंटला कोंडतात, मारतात, फोन करू देत नाहीत, तिथं पगार कितीही असला तरी थांबू नका.

मुलाखतीत "इतका गॅप का?" हे विचारतातच. आजारपण होतं, उपचार घेतले, आता बरी आहे, एवढं सांगून पुढे कामाबद्दल बोला. व्यसनमुक्ती केंद्रातली मुलाखत असेल आणि सांगावंसं वाटलं तर स्पष्ट सांगा, तिथं त्याची किंमत असते. फील्डवर्कची फाइल बरोबर न्या, कारण तुम्ही काय केलंत ते त्यातूनच दिसतं. पण नेण्याआधी प्रत्येक पानावरचं क्लायंटचं नाव, पत्ता आणि मुलांच्या शाळेचं नाव खोडून टाका. खोडलेलं उजेडात धरलं तर वाचता येतं का ते तपासा, आणि येत असेल तर त्या खोडलेल्या पानाची झेरॉक्स काढून तीच प्रत न्या.