यू हातात नसताना क्यू कुठे लावायचा? पाच अक्षरी शब्द शोधण्याची रीत

स्क्रॅबल हा पटावर इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ. त्याच्या पिशवीत 100 टाइल्स, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या असतात. त्यांत क्यू एकच आणि यू चार. क्यूला 10 गुण, म्हणजे झेडच्या बरोबरीने सगळ्यांत जास्त. पण डाव संपताना तो तुमच्याकडे पडून राहिला, तर तुमचे 10 गुण जातात आणि ज्याने टाइल्स आधी संपवल्या त्याला ते मिळतात. एकूण 20 गुणांचा फटका! म्हणून आमच्याकडे क्यू हाती आला की माणसाचा चेहराच सांगतो.

पाठांतराच्या लांबच लांब याद्या मी पुष्कळ केल्या आणि तितक्याच विसरलेही. खाली दिलेली रीत मात्र टिकली, कारण तिच्यात शब्द अर्थासकट येतो.

आधी कागदावर पाच चौकोन काढा आणि क्यू कोणत्या घरात बसतो ते बघा. क्वीनमध्ये तो पहिल्या घरात, इक्वल आणि स्क्वॉडमध्ये दुसऱ्या, तर पीकमध्ये (पी-आय-क्यू-यू-ई, अपमान झाल्याचा राग) तिसऱ्या. एवढे केले तरी शोध निम्म्यावर येतो.

दुसरी पायरी सोपी. यू हातात असेल तर ओळखीचे शब्द आठवा. क्यू-यू ही जोडी मूळ इंग्रजीची नव्हेच. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे क्यू-यू आणले. या जोडीचे थोडे कमी वापरातले शब्द लक्षात ठेवा: क्वाम (क्यू-यू-ए-एल-एम, मनाची टोचणी), क्वेल (क्यू-यू-ई-डबल एल, बंड मोडून काढणे), क्वर्क (क्यू-यू-आय-आर-के, विक्षिप्त लकब). क्वाएट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. दोन्हींत अक्षरे तीच, फक्त शेवटचे ई आणि टी जागा बदलतात. त्यामुळे एक बसत नसेल तर दुसरा लावून बघा.

खरी गंमत तिसऱ्या पायरीत आहे: यू नसताना. इथे मराठी माणसाला घरबसल्या फायदा मिळतो. अरबीत घशातून उच्चारला जाणारा क़ाफ आहे, आणि रोमन लिपीत त्याच्यासाठी बहुधा क्यू वापरतात. आपण नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देत नाही, साधा क लिहितो, म्हणून ही ओळख चटकन पटत नाही. पण शब्द बघा.

टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर. एन-आय-क्यू-ए-बी, आपला नकाब. डोळे सोडून चेहरा झाकणारे वस्त्र. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा. यात यू आहे, पण क्यूनंतर नाही, आधी. क्यू-ओ-आर-एम-ए म्हणजे कोर्मा, आणि क्यू-आय-बी-एल-ए म्हणजे किब्ला, नमाज पढताना ज्या बाजूला तोंड करतात ती मक्केतल्या काबाची दिशा.

क्यू-ए-एन-ए-टी हा शब्द माझा सर्वांत लाडका. कनात म्हणजे उंचावरच्या भूजलाला जमिनीखालून हलक्या उताराने गावापर्यंत आणणारा बोगदा. वर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे. ही विद्या इराणातली. मलिक अंबरने 17व्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. तंबूच्या कनातीशी मात्र गल्लत करू नका.

या सगळ्यांत एक परका पाहुणा आहे: टी-आर-ए-एन-क्यू, ट्रँक. ट्रँक्विलायझर, म्हणजे शामक औषध, याचे हे बोलीतले लघुरूप. मूळ शब्द नेमका यूच्या तोंडावर कापला आहे.

चौथी पायरी पडताळणीची, आणि ती टाळू नका. किल्ला, कर्ज, कलम हेही मुळात क़ाफचेच, पण तेवढ्यावरून ते खेळात चालत नाहीत. माझ्या भाचीने एकदा क्यू-ए-आर-झेड लावून कर्ज खपवायला बघितले. क्यू आणि झेड एकाच दमात! शब्दकोश उघडेपर्यंत ती ठाम होती. उत्तर अमेरिकेत अधिकृत शब्दयादी वेगळी आहे, बाकी बहुतेक जगात कॉलिन्स शब्दकोशाची चालते. कोर्मा आणि किब्ला कॉलिन्समध्ये आहेत. कोणती यादी धरायची ते डाव सुरू करण्याआधीच ठरवा, मधे नको. एकट्याने शोधायचे असेल तर वनलुक या संकेतस्थळावर अक्षराच्या जागी अक्षर आणि रिकाम्या घराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका: क्यूनंतर चार प्रश्नचिन्हे दिली की पाच अक्षरी शब्द समोर येतात. त्यावर टिचकी मारून अर्थही बघा.

वर्डलसाठी हीच रीत वापरणार असाल तर थोडे जपून. तिथे सहा प्रयत्नांत पाच अक्षरी शब्द ओळखायचा असतो आणि उत्तर सहसा रोजच्या वापरातले असते. तिथे क्यू-यूच्या जोडीतच शोधा.

आता पट भरलाय आणि पाच मोकळी घरे मिळत नाहीत, तेव्हा काय? आधीच लागलेल्या शब्दाला शेपूट जोडा. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द (चिनी विचारातली प्राणशक्ती, उच्चार ची) पटावर असेल तर पुढे बी-एल-ए लावा, किब्ला झाला. एफ-ए-क्यू, म्हणजे नेहमी विचारले जाणारे प्रश्न, याच्यापुढे आय-आर लावा, फकीर झाला. आणि कोणी टी-ए-एल-ए, म्हणजे आपल्या संगीतातला ताल, लावून बसला असेल, तर त्याच्या शेवटी एकटा क्यू ठेवून द्या. तालाचा तलाक होतो.