गाडी लो करताय? पुढच्या स्प्रिंगा घरी बदलताना या चुका टाळा

लोअरिंग स्प्रिंगांचा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा, खोका हातात पडला की लोकांना दम धरवत नाही. रविवारी सकाळी गाडी जॅकवर, जेवायच्या आत खाली, संध्याकाळी फोटो. आणि सोमवारपासून सुरू, "पुढून खट् खट् आवाज येतोय, काय असेल?" गाडी न बघताही सांगता येतं काय असेल ते, कारण चुका ठरलेल्या असतात. इथे लिहितोय ते पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि त्याभोवती स्प्रिंग अशी एकच जोडणी, असलेल्या गाड्यांबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान त्यातच येतात.

सुरुवातीलाच एक सांगतो. मूळची स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी लो करायची असेल तर पुढचं वाचू नका. "दोन वेढे उडवले की झालं काम" म्हणणारा मिस्त्री प्रत्येक पेठेत सापडतो. कापलेलं टोक स्प्रिंग टेकते त्या खालच्या बशीत नीट बसत नाही. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग कडक होते. आणि चाक खड्ड्यावर लोंबकळलं की आखूड स्प्रिंग जागेवरच सैल होते, मग परत दाब आला की वाटेल तिथे वेडीवाकडी बसते. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवणारे तर त्याहून थोर, पोलादाचं पाणीच उतरवून देतात. चांगली लोअरिंग स्प्रिंग आखूड असली तरी स्ट्रट पूर्ण ताणलेला असताना हाताने हलता कामा नये. जोडणी झाल्यावर चिमटीत धरून हलवून बघायचीच, मी तरी बघतो.

आता स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हुकांचं हत्यार. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या चुकांनी टायर झिजतं, या चुकीने जबडा फुटतो. गाडी हवेत असली तरी मूळच्या स्प्रिंगमध्ये दाब शिल्लक असतो, छोट्या गाडीतही शे-दोनशे किलोंचा, आणि तो अडवून धरलेला असतो शॉकच्या दांड्याच्या टोकाच्या एका नटाने. बॉनेट उघडलं की बऱ्याच गाड्यांत स्ट्रटच्या डोक्याशी गोलाकार तीन छोटे नट दिसतात आणि मधोमध एक मोठा. नवशिक्याचा पाना हमखास मोठ्याकडे जातो. स्ट्रट गाडीवर असताना त्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. छोटे नट आणि खाली नकलचे (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाचे) दोन बोल्ट काढून अख्खा स्ट्रट बाहेर घ्यायचा. काही गाड्यांत हे छोटे नट नसतातच. बॉडीला धरणारा नट दांड्यावरच असतो आणि त्याच्याखाली स्प्रिंगला धरणारा वेगळा. कुठला नट काय धरतोय हे कळल्याशिवाय पाना लावणारा माणूस मला माझ्या पार्किंगमध्ये नको.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, इंजिनीअरिंगला असलेला, आय-ट्वेंटी घेऊन बसला होता. कंप्रेसर भाड्याने आणलेला, दोन सुट्या हुकांचा, आट्यांवर ग्रीसचा थेंब नाही. दोन्ही हुक एकमेकांच्या बरोब्बर समोर हवेत. याचे जवळजवळ एकाच बाजूला. त्यात एक हुक भराभर आवळलेला, दुसरा तसाच, त्यामुळे स्प्रिंग केळ्यासारखी वाकलेली. "अरे, थांब जरा," म्हटलं. "काका, व्हिडिओत दोन मिनिटांत झालं," म्हणाला आणि इम्पॅक्ट गन लावली. घर्र आवाज झाला, हुक सरकला, वरची माउंटिंग, म्हणजे स्ट्रट बॉडीला धरणारा भाग, पार्किंगच्या स्लॅबला जाऊन आदळली आणि प्लॅस्टरचा टवका त्याच्याच स्कूटरच्या सीटवर पडला. स्ट्रट त्याने मांडीत धरला नव्हता, जमिनीवर आडवा टाकला होता, एवढंच नशीब. सेक्रेटरींनी प्लॅस्टरचे पैसे वसूल केले ते वेगळे.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आट्यांना ग्रीस, हुक समोरासमोर आणि जमतील तितके वेढे पकडून, हातपान्याने एकदा इकडे दोन फेरे, एकदा तिकडे दोन फेरे. वरची बशी हाताने सैल फिरायला लागली की मगच मधला नट. तोंड आणि छाती कधीही स्ट्रटच्या रेषेत नाही. स्प्रिंगमधून जुना सीटबेल्ट ओवून स्ट्रटच्या नळकांड्याला बांधतो. लोक हसतात, हसू देत. नट सुटताना दांडा फिरायला लागला तर टोकाला ऍलन की घालायची. पकडीने दांडा धरलात तर चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो आणि महिन्याभरात सील तेल ओकतं. गंमत म्हणजे लोअरिंग स्प्रिंग आखूड असल्याने परत बसवताना कंप्रेसरची फारशी गरज पडत नाही. घाई करायचीच असेल तर तिथे करा.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे हवेत आवळलेले बूश. हिने स्फोट होत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात. त्याच्या सांध्यातल्या बूशमध्ये आतली नळी, बाहेरची नळी आणि मधलं रबर एकमेकांना चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरवल्यावर रबर उभ्याउभ्याच पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, आणि दोष स्प्रिंग कंपनीला.

बरेच जण म्हणतात, "आम्ही लोअर आर्मला हातच लावला नाही." तिथेच तर घोटाळा आहे! गाडी तीस-पस्तीस मिलिमीटर खाली आली म्हणजे आर्मचा कोन बदलला. जुन्या उंचीला जखडलेलं रबर नव्या उंचीला पिळलेलंच राहणार. म्हणून न उघडलेला बोल्टही सैल करायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चारदा दाबून उड्या मारायच्या आणि मग टॉर्क रेंचने आवळायचा. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला, मित्राच्या गाडीचा नाही. खाली शिरायला जागा मिळावी म्हणून मी चारही चाकांखाली जाड फळ्या घालतो.

आता किरकोळीतल्या. विटांवर गाडी टेकवून खाली जाऊ नका. जॅक स्टँड घ्या, पुढून दोन्ही बाजू एकदम उचला, नाहीतर दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड निघता निघत नाही. स्ट्रट सुटला की नकल बाहेर कलंडतो, त्याला तारेने बांधा. ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर वजन नको, एक्सलचा आतला जॉइंटही निखळू शकतो. स्प्रिंगचं टोक बशीतल्या खाचेला टेकलंय ना ते दोनदा बघा, छापलेली अक्षरं सहसा सुलटी वाचता येतात. बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा) किटबरोबर आला असेल तर तोच लावा, "आवाज येतो" म्हणून काढून फेकू नका. एवढं उघडलंच आहे तर माउंटिंग आणि बेअरिंग नवीन टाका. ती सोमवारची खट् खट् बहुतेक वेळा तिथलीच असते. आणि एक लाख किलोमीटर चाललेल्या शॉकवर नवी कडक स्प्रिंग चढवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

किती लो करायची हे रस्त्याला विचारा. नव्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला नगरसेवकी गतिरोधक त्यातलं काहीच नसतो. स्विफ्टच्या त्या १६३ मधून चाळीस मिलिमीटर वजा करा, मागे तीन पाहुणे बसवा आणि मग ठरवा. कायद्याकडेही बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलाला मालकावर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला आधी कळवलेलं बरं.

काम झालं की चाकांचं अलाइनमेंट. "स्टिअरिंग सरळ आहे की" म्हणून टाळू नका. गाडी खाली आली की टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्लं जातं, जे उभं राहून दिसत नाही, वाकून बघावं लागतं. आठवडाभर चालवून स्प्रिंगा बसल्या की चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, आणि मगच पक्कं अलाइनमेंट करून घ्या. नाक खाली गेल्याने हेडलाइटचा झोतही खाली येतो, तो त्याच दिवशी भिंतीवर टाकून वर घ्या. आणि अलाइनमेंटवाल्या पोराला गाडी लो केलीय हे आधी सांगा, नाहीतर रॅम्पवर चढवतानाच तो बंपर घासून ठेवेल.