अवरक्त छायाचित्रणाच्या पहिल्या फेरीआधीची तयारी

कॅमेरा रूपांतरासाठी कोणाच्या हाती देण्यापूर्वी आपल्याला नेमके काय टिपायचे आहे, हे मनाशी पक्के करावे. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश साधारण १००० नॅनोमीटरपर्यंत टिपू शकतो. परंतु नेहमीच्या छायाचित्रांचे रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे हा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. ती काढून तिच्या जागी अवरक्त प्रकाश जाऊ देणारा फिल्टर बसवणे म्हणजे रूपांतर. या कॅमेऱ्याने शरीराची किंवा यंत्राची उष्णता दिसेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती आधीच सोडावी, कारण उष्णता टिपणारे कॅमेरे याहून कितीतरी लांब तरंगलांबीवर काम करतात. आपल्याला दिसते ते सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांचे परावर्तन. पानातील हरितद्रव्य हे किरण जवळजवळ शोषत नाही आणि पानाच्या आतील पेशी व हवेच्या पोकळ्या ते विखरून परत पाठवतात, म्हणून झाडे पांढरीशुभ्र दिसतात.

हा परिणाम आपल्याला भावतो का, हे कमी खर्चात पाहता येते. मूळ कॅमेऱ्याच्या लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश आत जाऊ देणारा, फिल्टर लावून, ट्रायपॉडवरून, भर उन्हात काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. वाऱ्याने हलणारी पाने धूसर येतील आणि चौकट फिल्टर लावण्यापूर्वीच ठरवावी लागेल, पण एका दुपारच्या अशा कामानंतर रूपांतराचा खर्च करावा की नाही हे स्वतःला कळते.

त्यानंतरचा निर्णय फिल्टरचा, आणि तो सहजासहजी फिरवता येत नाही. ५९० नॅनोमीटरचा फिल्टर नारिंगी-तांबडा दृश्य प्रकाशही आत घेतो, त्यामुळे संस्करणानंतर पाने सोनेरी आणि आकाश निळे करता येते; ८३० किंवा ८५० नॅनोमीटरचा फिल्टर जवळजवळ निव्वळ कृष्णधवल, गडद प्रतिमा देतो. ७२० या दोहोंच्या मधला आहे आणि नवोदिताने तोच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यातून थोडे रंगही मिळतात व उत्तम कृष्णधवलही. फिल्टरऐवजी साधी पारदर्शक काच बसवून घेतल्यास कॅमेरा पूर्ण वर्णपटाचा होतो आणि हवा तो फिल्टर लेन्सवर लावता येतो. मात्र आरशाद्वारे दृश्य दाखवणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या दृश्यशोधकातून अशा गडद फिल्टरमागे काहीच दिसत नाही, म्हणून हा मार्ग मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या आणि सेन्सरवरचेच चित्र दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यालाच शोभतो.

रूपांतरासाठी घरात पडून असलेला, पण सुस्थितीतील दुसरा कॅमेरा निवडावा. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो आणि अवरक्त किरण दृश्य प्रकाशाच्या मानाने किंचित मागे केंद्रित होतात, त्यामुळे तंत्रज्ञाकडून तेथे फोकसची फेरजुळणी करून घ्यावी लागते किंवा लाइव्ह व्ह्यूवरच, म्हणजे मागच्या पडद्यावर सेन्सरचे चित्र पाहूनच, काम करावे लागते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरूनच ठरत असल्याने ही अडचण मोठ्या अंशी उरत नाही. काही कॅमेऱ्यांत शटरवर लक्ष ठेवण्यासाठी अवरक्त दिवा असतो व त्याचा प्रकाश प्रतिमेत उतरू शकतो, म्हणून आपल्या मॉडेलविषयी तंत्रज्ञाला हे नेमके विचारावे. सेन्सरवरची धूळ झटकणारी यंत्रणा रूपांतरानंतर चालू राहील का, हेही विचारावे. कॅमेरा घरी उघडण्याचा मोह मात्र टाळावा: अंगभूत फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यातील कपॅसिटरमध्ये, बॅटरी काढल्यावरही, सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो.

आता लेन्स, सर्वाधिक वेळ मी येथे द्यायला सांगेन. दृश्य प्रकाशात निर्दोष असलेली महागडी लेन्स अवरक्तमध्ये चौकटीच्या मधोमध एक फिकट गोल डाग देऊ शकते. लेन्सचे लेप आणि नळीच्या आतील काळा रंग दृश्य प्रकाशासाठी योजलेले असतात, अवरक्त किरण त्यांच्यावरून आतल्या आत परावर्तित होतात, आणि छिद्र जितके लहान करावे तितका डाग ठळक होतो. माझ्या पहिल्या फेरीतील जवळजवळ सर्व छायाचित्रे एफ/११ वर, म्हणजे बऱ्याच लहान छिद्रावर, घेतलेली होती (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर प्रत्येकात तोच डाग होता. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक लेन्स एकसारख्या उजळ भिंतीवर किंवा आकाशावर रोखून, सर्वांत मोठ्या छिद्रापासून एफ/१६ पर्यंत एकेक छायाचित्र घ्यावे, त्यांचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा आणि कोणती लेन्स कोठपर्यंत चालते याची नोंद वहीत करावी. जुनी लेन्स विकत घ्यायची असल्यास मुंबईच्या फोर्ट भागातील कॅमेऱ्यांच्या दुकानांत रूपांतरित कॅमेरा सोबत न्यावा आणि ही चाचणी दुकानाच्या दारातच करावी. तरंगलांबी जास्त असल्याने विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून चित्र मऊ पडण्याचा, परिणामही लवकर जाणवतो, एफ/५.६ ते एफ/८ ही सुरुवातीची सुरक्षित मर्यादा धरावी.

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणारी, फाइल निवडावी आणि उन्हातील हिरव्या गवतावर स्वतंत्र व्हाइट बॅलन्स (रंगसंतुलन) घ्यावा, नाहीतर पडद्यावर केवळ लालभडक चित्र दिसते. प्रकाशमापकावर विसंबू नये. लाल रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना, हे दर काही छायाचित्रांनंतर तपासावे. लाइटरूम या संस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगतापमान २००० केल्विनच्या खाली जात नाही आणि अवरक्त चित्राला ते अपुरे पडते, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्यासाठी वेगळे प्रोफाइल आधीच बनवून ठेवावे. आकाश निळे करण्यासाठीची लाल व निळ्या चॅनेलची (रंगघटकांची) अदलाबदल फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये होते.

मुंबईत यासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर मला सर्वांत योग्य वाटतो: झाडे भरलेली, गवत हिरवे आणि आकाश निळे, जे अवरक्तमध्ये जवळजवळ काळे येते. ज्या कडक दुपारी इतर छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत ठेवतात, तीच आपली वेळ. ओव्हल मैदानावर तीनच्या सुमारास जावे. पश्चिमेकडे कललेला सूर्य पाठीशी राहतो, १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर समोरून उजळतो आणि त्यामागचे पूर्वेचे आकाश गडद होते. पवई तलावावर काळ्या पाण्यावरची पांढरी जलपर्णी वेगळेच चित्र देते. राणीची बाग बुधवारी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, हे दिवस ठरवताना ध्यानात घ्यावे. हिवाळ्यातील दाट धुरके अवरक्तही भेदत नाही, त्यामुळे अशा दिवशी दूरच्या दृश्यांचा नाद सोडून जवळच्या झाडांवर काम करावे.

माणसांचे छायाचित्र त्यांना विचारूनच घ्यावे, आणि विचारताना कॅमेरा कसा आहे तेही सांगावे, कारण काही पातळ कृत्रिम कापडे अवरक्तमध्ये डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा अधिक पारदर्शक भासतात. पिशवीत दुसरी बॅटरी, लेन्सहूड, पाणी, टोपी आणि चाचण्यांची वही असावी. परतल्यावर कॅमेरा व लेन्स पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. येथील दमट हवेत बुरशी धरते, आणि वही समोर असतानाच त्या दिवशी कोणत्या लेन्सने कोठे डाग दिला ते लिहून घ्यावे.