भरताच्या पार्टीला वूव्रे: कोणती बाटली कशाबरोबर

आमची थोरली फ्रान्समध्ये तूर नावाच्या गावी असते. उच्चार अगदी आपल्या तुरीसारखा. तिथून ल्वार नदीच्या काठाकाठाने दहाएक किलोमीटरवर वूव्रे आहे, आणि तिथल्या वाइनचं नावही तेच. दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघं तिच्याकडे होतो, तेव्हा तिथे द्राक्षांची तोडणी चालू होती. एका कुटुंबाचीच छोटी वायनरी पाहिली. तिथला दगड पांढरा, मऊ चुनखडीचा. ल्वारकाठचे राजवाडे याच दगडाचे. दगड काढून रिकाम्या झालेल्या खाणींत आता बाटल्या आडव्या झोपवलेल्या असतात, आणि आत बारमाही 12 अंशांच्या आसपास गारवा. मला आजोबांच्या वाड्यातलं पेव आठवलं.

येताना चार बाटल्या आणल्या. विमानाने येताना माणशी दोन लिटरची मुभा आहे, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या. चारही एकाच द्राक्षाच्या, शेनिन ब्लाँच्या: एक बुडबुड्यांची ब्रूत, एक कोरडी सेक, एक गोडसर डेमी-सेक आणि एक गोड म्वालू. डिसेंबरात फैजपूरजवळच्या शेतात भरीत पार्टी केली, तिथे त्या उघडल्या. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी लेबल वाचायला शिका, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ‘सेक’ म्हणजे कोरडी. साध्या वाइनमध्ये ते खरं आहे, लिटरला साखर 4 ग्रॅमपर्यंत, आंबटपणा भरपूर असेल तर 9 पर्यंत. पण बुडबुड्यांच्या बाटलीवर तोच शब्द असेल तर साखर 17 ते 32 ग्रॅम असते, म्हणजे चांगलीच गोडसर. तिथे कोरडी हवी असेल तर ‘ब्रूत’ शोधा, ती 12 ग्रॅमच्या आतली. डेमी-सेकचंही तसंच: साध्या वाइनमध्ये 12 पर्यंत, आंबटपणा भरपूर असेल तर 18 पर्यंत, बुडबुड्यांच्या वाइनमध्ये 32 ते 50. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा फरक नक्की लक्षात ठेवा.

आता भरीत. बामणोदची हिरवी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. मी आधी ब्रूत उघडली, कारण पार्टी म्हटलं की फसफसणारी बाटली आधी, असं मनात होतं. चूक झाली. पहिल्याच घोटाला जीभ पेटली. बुडबुड्यांचा वायू आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीचा झोंबरेपणा वाढवतात, आणि ब्रूतमध्ये तो शमवायला साखर नसते. मेव्हणे म्हणाले, “भो, हे तर आगीवर तेल झालं.” मग हिनेच डेमी-सेक पुढे केली, आणि चव जुळली. थोडी साखर तिखटाला धरून ठेवते, शेनिनचा आंबटपणा तेल कापतो, आणि वांग्याच्या धुराला तिचा पिकल्या नाशपतीसारखा, मधासारखा वास शोभतो. भरीत-पुरीसाठी डेमी-सेकच, हे माझं ठाम मत. त्यासाठी भरतातली मिरची मात्र कमी करू नका. पाहुण्या बाटलीसाठी आपलं भरीत बिघडवायचं नाही.

ब्रूत वाया गेली नाही. ती तळणाची आणि मिठाची सोबतीण. सावद्याकडचे केळ्याचे वेफर्स, तळलेले बिबडे, कळण्याच्या गरम पुऱ्या, यांच्याबरोबर एकेक घोट घेतला की तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: चूल पेटून वांगी भाजली जात असताना वेफर्स आणि ब्रूत, पंगत बसली की डेमी-सेक.

सेक वरण-बट्टीला. तुपात बुडवलेल्या बट्टीला आंबट, कोरडी वाइन लागते, लिंबू पिळल्यासारखं काम करते. शेवभाजीला मात्र कोणतीच देऊ नका. काळ्या मसाल्याची तर्री चारही बाटल्यांना गिळते, तिथे ताकच बरं. म्वालूबद्दल एक नियम पाळा: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. आखाजीचे खापरावरचे मांडे आणि आमरस यांच्यापुढे ती फिकी पडेल. आम्ही साखर न घालता तुपावर केळी परतली, त्यांच्यासोबत ती छान गेली.

गार करणं. शेतात फ्रिज कुठला! घमेल्यात बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. ब्रूत 6 ते 8 अंश, सेक 8 ते 10, डेमी-सेक 10 ते 12. फार गार केली तर तिचा वासच मरतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. जळगावचं 45 अंशांचं ऊन तासाभरात तिला शिजवून टाकतं.

ब्रूत उघडताना जपा. वाइन तयार झाल्यावर बाटलीत साखर आणि यीस्ट घालून तिला पुन्हा आंबवतात, तो वायू आतच कोंडला जातो. दाब 5 ते 6 बार, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली हलवू नका, माणसांकडे तोंड करू नका. तारेची कडी सहा अर्ध्या वळशांत सुटते, तेवढ्यात अंगठा बुचावरून काढायचा नाही. मग बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडा आणि फिरवायची ती बाटली. मोठा आवाज झाला तर वायू वाया गेला समजा. नुसता ‘फुस्स’ व्हायला हवा.

पेले काचेचेच घ्या, आणि साबण पूर्ण धुऊन काढा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो. गाडी चालवत परतणाऱ्याच्या हातात ताकाचा पेला द्या.

फ्रान्सची बाटली मिळाली नाही तर अडत नाही. शेनिन ब्लाँ नाशिकला भरपूर होतं. दुकानात गोडसर आहे का, एवढं विचारून घ्या. उरलेली साधी वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. बुडबुड्यांचीला घट्ट क्लिपचं झाकण लागतं आणि ती दुसऱ्या दिवशी संपवावी. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवल्याने बुडबुडे राहत नाहीत, ते आम्ही करून पाहिलं.