जर्मनीत वादळात गाडीवर काही येऊन आदळलं तर पैसे कोण देतं

ऑक्टोबर ते मार्च इकडे वादळांचा सीझन, आणि नवीन आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच की शेजाऱ्याच्या बाल्कनीतली खुर्ची उडून बॉनेटवर पडली, आता तो भरून देणार ना? देईलच असं नाही. वस्तू त्याची होती एवढ्यावर इथे भागत नाही, त्याने निष्काळजीपणा केला हे तुम्हाला दाखवावं लागतं. वादळाची वॉर्निंग आलेली असून त्याने खुर्ची, छत्री, मुलांचं ट्रॅम्पोलिन तसंच मोकळं ठेवलं असेल तर तुमची बाजू भक्कम, मग त्याचा प्रायव्हेट हाफ्टफ्लिश्ट इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) असेल तर तो देतो, आणि तोही गाडीच्या आजच्या किमतीच्या हिशोबाने. पण सगळं नीट बांधलेलं असूनही उडालं, तर बहुतेक काही मिळत नाही. झाडाचंही तसंच, ते आधीपासून वाळलेलं, किडलेलं दिसत होतं का आणि मालकाने लक्ष ठेवलं होतं का, यावर सगळं. छपराच्या कौलांचं वेगळं आहे, तिथे बीजीबीचं (जर्मन नागरी कायद्याचं) कलम 836 लागतं आणि देखभालीत हयगय केली नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते, त्यामुळे कौल पडलं तर त्याला लेखी कळवाच.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी रजिस्टर करताना नुसता कंपल्सरी हाफ्टफ्लिश्ट घेऊन थांबू नका, टाइलकास्को (स्वतःच्या गाडीचं वादळ, चोरी अशा ठराविक कारणांनी झालेलं नुकसान भरून देणारा विमा) घ्याच. चूक कुणाची ते त्यात बघतच नाहीत, वाऱ्याचा जोर (बोफर्ट स्केलवर) 8 किंवा वर, म्हणजे ताशी साधारण 62 किमीपासून पुढे असला आणि वाऱ्याने काही गाडीवर आणून टाकलं की क्लेम बसतो, तुमचा ठरलेला वाटा (बऱ्याच पॉलिसीत 150 युरो) तेवढा कापतात, आणि महत्त्वाचं म्हणजे एसएफ क्लास (क्लेम न केलेल्या वर्षांवर ठरणारा, हप्ता कमी करणारा दर्जा) खाली जात नाही. वारा त्याहून कमी असेल तर फक्त फोलकास्को (स्वतःच्या गाडीचा पूर्ण विमा) कामाला येतो आणि तिथे मात्र क्लास घसरतो. फांदी आधीच रस्त्यात पडलेली होती आणि तुम्ही तिच्यावर गाडी घातली, तर तेही टाइलकास्कोत येत नाही, हे लोकांना क्लेम नाकारल्यावर कळतं.

गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, पडलेली वस्तू, आजूबाजूच्या गाड्या, मोडलेली झाडं सगळं त्यात येऊ दे, कारण जवळच्या हवामान केंद्रावर 8 चा जोर नोंदला गेला नसेल तर शेजारपाजारचं नुकसान हाच तुमचा पुरावा. इन्शुरन्सला लगेच कळवा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय रिपेअरला हात लावू देऊ नका.

आणि दार उघडताना वाऱ्याने ते हातातून सुटून शेजारच्या गाडीला लागलं तर ते वादळाचं नुकसान धरत नाहीत, त्याचे पैसे तुमच्याच गाडीच्या हाफ्टफ्लिश्टमधून जातात आणि क्लासही खाली जातो, तेव्हा अशा दिवशी दार दोन्ही हातांनी धरूनच उघडा.