मायमो (दोन्ही टोकांना अनेक अँटेना) चॅनेल मॉडेलिंगला नवीन असाल तर

नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात थ्रीजीपीपीचं, म्हणजे मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, टीआर ३८.९०१ हे चॅनेल मॉडेलचं डॉक्युमेंट उघडतो आणि तिथेच अडकतो. डॉक्युमेंट चांगलंच आहे, ०.५ ते १०० गिगाहर्ट्झपर्यंत सगळं आहे त्यात, पण टेबलांमागून टेबलं येत राहतात आणि आपण नेमकं काय बनवतोय तेच कळेनासं होतं. माझं मत विचाराल तर आधी फक्त चार बाय चारचा एच मॅट्रिक्स (प्रत्येक पाठवणाऱ्या अँटेनापासून प्रत्येक घेणाऱ्या अँटेनापर्यंतचा चॅनेल) घ्या, त्याच्या सिंग्युलर व्हॅल्यूज (समांतर वाटा किती जोरदार आहेत ते सांगणारे आकडे) काढा आणि त्यांच्याकडेच बघत बसा. मायमोचा सगळा फायदा तिथेच आहे. चारही व्हॅल्यू साधारण सारख्या असतील तर चार स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी चार डेटाप्रवाह, चालतील, एकच मोठी आणि बाकीच्या नावाला असतील तर अँटेना कितीही लावा, मल्टिप्लेक्सिंग विसरा.

सुरुवात इंडिपेंडंट रेली फेडिंगने होते (प्रत्येक अँटेना-जोडीचा सिग्नल स्वतंत्रपणे, कसाही चढउतार करतो असं धरून), टेलाटार आणि फॉशिनी यांनी ९०च्या दशकात कपॅसिटी (चुकीशिवाय जास्तीत जास्त डेटाचा वेग) अँटेनांच्या संख्येबरोबर वाढते हे दाखवलं ते यावरच. पण त्यात रिझल्ट नेहमीच गोड येतात हो! खऱ्या जागेत, विशेषतः उंचावरच्या बेस स्टेशनला, सिग्नल थोड्याशाच दिशांतून येतो, मग शेजारच्या अँटेना जवळजवळ एकच गोष्ट ऐकतात, म्हणजे कोरिलेशन आलं.

कोरिलेशन आलं की सगळे क्रोनेकर मॉडेल (दोन्ही टोकांचं कोरिलेशन वेगवेगळं मांडणारं) धरतात, कारण कोड दोन ओळींचा. त्यात गृहीत धरलंय की निघायच्या दिशा आणि पोचायच्या दिशा यांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्यक्षात संबंध असतो, एका भिंतीवरून आलेला किरण ठरावीक दिशेने निघून ठरावीक दिशेनेच पोचतो. अँटेना वाढल्या की ही चूक जास्त बोचते, तेव्हा वाइक्सेलबर्गर मॉडेल वाचा, २००६ चं आहे, दोन्ही टोकं एका कपलिंग मॅट्रिक्सने जोडलेली आहेत त्यात. आणि कीहोल नावाची गंमत पण बघून ठेवा, दोन्ही टोकांना कोरिलेशन शून्य तरी रँक एक, म्हणजे एकच स्ट्रीम! फक्त कोरिलेशन बघून मत बनवणाऱ्यांची तिथे विकेट पडते.

आता ३८.९०१ कडे या. सीडीएल प्रोफाईलमध्ये (किरणांच्या गटांचे तयार संच) ए, बी, सी म्हणजे लाईन ऑफ साईट (थेट, अडथळ्याविना वाट) नाही, डी आणि ई मध्ये आहे. त्यातले अँगल ठरलेले असतात त्यामुळे रिसीव्हरची तुलना करायला उत्तम, पण अनेक युजर असलेल्या सिस्टिमसाठी तेच वापरलं तर सगळे युजर एकाच दिशेला उभे राहतात. अशा वेळी पूर्ण जॉमेट्री-बेस्ड मॉडेल (जागा आणि दिशांवरून चॅनेल काढणारं) लागतं, क्वाड्रिगा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ठरावीक जागेचाच प्रश्न असेल तर सिओनासारखं रे ट्रेसिंग (किरणांचा माग काढणारं) सॉफ्टवेअर.

नॉर्मलायझेशन (एचची पॉवर ठरावीक मापावर आणणं) कुठे केलं ते लिहून ठेवा. प्रत्येक रिअलायझेशनला (चॅनेलच्या प्रत्येक नमुन्याला) एच नॉर्मलाइझ केला की फेडिंगमधला पॉवरचा चढउतारच गायब होतो, सरासरीवर करायचं असतं ते.

मोठा ॲरे (अँटेनांची रांग) असेल तर अजून एक भानगड. सपाट वेव्हफ्रंटचं गृहीतक साधारण दोन डी वर्ग भागिले लॅम्डा (डी म्हणजे ॲरेची लांबी, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी) या अंतरापलीकडे चालतं. १ मीटरचा ॲरे ३.५ गिगाहर्ट्झला घेतला तर ते अंतर साधारण २३ मीटर, २८ गिगाहर्ट्झला मात्र १८७ मीटरच्या आसपास, म्हणजे बरेचसे युजर नियर फील्डमध्येच येतात आणि नेहमीचा स्टीअरिंग व्हेक्टर (सपाट वेव्हफ्रंट धरून फक्त दिशेवरून काढलेला) तिथे चालत नाही, प्रत्येक एलिमेंटपासूनचं अंतर वेगळं काढावं लागतं.