लाल ढोबळी मिरची खाताय? मग या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

मागच्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं आणि घरात जो तो डॉक्टर झाला. बीट खा, डाळिंब खा, खजूर खा, आणि त्यात कुणीतरी म्हणालं लाल ढोबळी मिरची खा, लाल आहे ना, रक्त वाढतं. मी पण डोकं न लावता रोज एक लाल मिरची, ती पण पॉलीहाऊसची महागातली, भाजीत घालून खायला लागले, दोन महिने. हिमोग्लोबिन होतं तिथेच. मग एका रात्री झोप येईना म्हणून हिच्यात नेमकं असतं तरी काय ते बघायला बसले आणि कपाळावर हात मारला, कारण १०० ग्रॅममध्ये लोह किती, तर ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईमाणसाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या ढोबळीवर भागवायचं तर दिवसाला साडेसहा-सात किलो खावी लागेल, म्हशीसारखी.

तर पहिली चूक ही, लाल दिसलं की रक्त. तो लाल रंग लोहाचा नाहीच. तो कॅप्सॅन्थिन नावाच्या रंगद्रव्याचा, आपल्या ब्याडगी मिरचीला आणि रस्श्याच्या तर्रीला जो रंग येतो तोच. आणि लगेच दुसरी चूक सांगते, बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की लाल म्हणजे लायकोपीन, ते टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य. टोमॅटोचं ठीक आहे, पण ढोबळीचा लालपणा मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा. त्यात अजून एक गंमत म्हणजे कॅप्सॅन्थिनपासून शरीरात व्हिटॅमिन ए बनत नाही. ढोबळीतलं ए येतं ते बीटा कॅरोटीन आणि क्रिप्टोझॅन्थिनमधून, जे या लाल रंगाच्या मागे लपलेलं असतं.

मग तिच्यात आहे काय? पुढचे आकडे अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत, कच्च्या १०० ग्रॅमचे, वाणाप्रमाणे आणि किती पिकली त्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होणारच. पाणी ९२ टक्के. कॅलरी ३० च्या आतबाहेर. साखर ४.२ ग्रॅम, फायबर २ ग्रॅम, प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम, कॅल्शियम ७ मिलिग्रॅम म्हणजे नसल्यातच जमा. पोटॅशियम २११ मिलिग्रॅम. थोडं फोलेट, थोडं बी६, व्हिटॅमिन ई दीड मिलिग्रॅम. आणि व्हिटॅमिन सी १२८ मिलिग्रॅम! इथे ती सगळी कसर भरून काढते. आपली रोजची गरज बायकांना ६५ आणि पुरुषांना ८० धरली आहे, म्हणजे मध्यम आकाराची अर्धी-पाऊण मिरची कच्ची खाल्ली तरी दिवसाचं काम झालं.

या सी वरून एक किस्सा आठवला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३० च्या दशकात हंगेरीतल्या सेगेड गावात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ व्हिटॅमिन सी शोधत होते आणि त्यांना ते पुरेसं मिळतच नव्हतं, जनावरांच्या ग्रंथींमधून काढायचं तर हाती लागायचं चिमूटभर. सेगेड म्हणजे पाप्रिका मिरचीचं गाव. त्यांनी स्वतः सांगितलंय की एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल मिरची वाढली, त्यांना खायची नव्हती पण तोंडावर नको म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ती घेऊन ते लॅबमध्ये गेले आणि मध्यरात्रीपर्यंत कळलं की ही तर सी ची खाणच आहे. थोड्याच आठवड्यांत किलोच्या हिशोबात सी काढून झालं, आणि १९३७ मध्ये नोबेल. ताटातलं न खाण्याचा याच्याएवढा फायदा कुणाला झाला नसेल.

बरं, आता स्वयंपाकघरातल्या चुका, कारण तक्त्यातले १२८ ताटात १२८ राहत नाहीत. मी दोन महिने काय करत होते तर मिरची चिरायची, मग चिरलेली चाळणीत घेऊन नळाखाली धुवायची (आधी धुवायची असते हे माहीत असून), मग पीठ पेरून भाजी, झाकण ठेवून चांगली पंधरा-वीस मिनिटं, मऊ गिच्च होईपर्यंत. सी पाण्यात विरघळतं, उष्णतेने जातं आणि हवा लागली की हळूहळू जातं, म्हणजे मी तिन्ही दारं उघडीच ठेवली होती. आख्खी असताना धुवा, आणि देठाभोवतीच्या खळग्यात बोट घालून धुवा कारण माती आणि फवारा तिथेच साचतो. चिरल्यावर पाणी नको. उकडून पाणी ओतून देणं तर सगळ्यात वाईट, उकडायचीच असेल तर ते पाणी सूपमध्ये किंवा आमटीत जाऊ दे. पीठ पेरून करायची तर बेसन आधी तेलावर वेगळं खमंग भाजून घ्या आणि मिरची मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटंच परता, मग पीठ घालून एक वाफ, बस. थोडी करकरीत राहते, आमच्याकडे सुरुवातीला ‘कच्चीय’ म्हणून बोंब झाली, आता सवय झाली. आणि रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय असेल तर ती सोडा, सोड्यात सी टिकत नाही. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात पण नको, तांब्यामुळे ते अजून लवकर उडतं.

पण म्हणून सगळी कच्चीच खायची असंही नाही, ही उलटी चूक डाएटवाले लोक करतात. बीटा कॅरोटीनला तेल लागतं. नुसते लाल तुकडे चघळत बसलं तर ते बरंचसं तसंच पुढे जातं, थोडं तेल, दाण्याचं कूट, खोबरं, काहीतरी स्निग्ध सोबत पाहिजे, आणि हलकं शिजवल्याने पेशी फुटून ते सुटायलाही मदतच होते. म्हणजे सी ला कच्चं बरं आणि कॅरोटीनला फोडणी बरी. मी निम्मी कोशिंबिरीत घालते आणि निम्मी परतते, वाद संपला. फक्त तेलाची पळी जरा हात आखडून, कारण एका मोठ्या चमच्याच्या १२० कॅलरी होतात, ४०० ग्रॅम ढोबळीच्या बरोबरीच्या.

आता वजनाचं, ॲपमध्ये कॅलरी भरणाऱ्यांनी हे नीट वाचा. तक्त्यातलं १०० ग्रॅम म्हणजे देठ, बिया, आतला गाभा काढून १०० ग्रॅम. मी काट्यावर बघितलं, आख्खी १८६ भरली, साफ करून १५२. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा डब्यात गेला. आणि भाजल्यावर पाणी उडून तीच मिरची वजनाला अजून हलकी होते, मग शिजवलेलं वजन घेऊन कच्च्याचा आकडा लावला की सगळंच चुकतं. कच्चंच तोला. अजून एक घोळ म्हणजे ॲपमध्ये ‘लाल मिरची’ टाकलं की कधी तिखट मिरची येते, कधी पाप्रिका पावडर. पाप्रिकाचे आकडे बघून डोळे फिरतात, १०० ग्रॅमला २८० कॅलरी आणि ए हजारोंच्या घरात, कारण पाणी गेलंय आणि सगळं आटून आलंय, पण सी विचाराल तर १ मिलिग्रॅमसुद्धा नाही, वाळवताना गेलं. आणि पावडर आपण १०० ग्रॅम खातो का, चमचाभर.

ए चं एक वेगळंच आहे. जुन्या चार्टवर ‘३१३१ आययू’ (व्हिटॅमिनचं जुनं माप) असं दिसतं आणि माणूस खूश होतो. नव्या मापात तेच १५७ मायक्रोग्रॅम आहे. हिशोब सोपा आहे, बीटा कॅरोटीन १६२४ मायक्रोग्रॅम, त्याला १२ ने भागा, आले १३५, क्रिप्टोझॅन्थिन ४९० ला २४ ने भागा, आले २०, आणि किरकोळ एखादा. बाईची गरज ८४० ची, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण १९ टक्के भागते. वाईट नाही, पण गाजर याच्या पाचपट देतं आणि स्वस्तात देतं.

हिरवी, पिवळी, लाल यात काय फरक? हिरवी म्हणजे बहुतेक वेळा न पिकलेली, सी ८०, ए फक्त १८, साखर २.४. झाडावरच पिकून लाल झाली की साखर वाढते, सी वाढतं, ए तर आठ-नऊपट होतं. पिवळी मात्र फसवते, सी १८४ म्हणजे लालपेक्षाही जास्त आणि ए जेमतेम १०. त्यामुळे पिवळी आणि लाल एकच असं धरू नका. आणि हो, हिरवी स्वस्तात आणून खिडकीत लाल व्हायची वाट बघू नका, मी आठ दिवस बघितली. लाल नाही झाली, सुरकुतली. झाडावर रंग धरायला लागलेली असेल तर थोडी पुढे जाते, पूर्ण हिरवी काढलेली नाही.

साखर ४.२ ग्रॅम ऐकून आमच्या सासूबाईंनी (डायबिटीस आहे) मिरची बाजूला सारली होती. ‘आई, एका केळ्यात बारा-चौदा ग्रॅम असते आणि तुम्ही रोज ते खाता’ म्हटल्यावर गप्प झाल्या, केळं मात्र सुटलं नाही. गोड लागते म्हणजे साखरेचं पोतं नव्हे, तिखटपणाचं कॅप्सेसिन हिच्यात जवळजवळ नसतंच म्हणून जिभेला तेवढा गोडवा कळतो.

करपट ढेकर येत असतील तर सालीचा त्रास असू शकतो. गॅसवर काळी भाजा, झाकून ठेवा, दहा मिनिटांनी बोटाने साल सुटते. ती साल नळाखाली धुवून काढू नका, रस वाहून जातो, ओल्या हाताने पुसा.

ठेवायची कशी तर आख्खी, कोरडी, भाजीच्या ड्रॉवरमध्ये. पिशवीला आतून घाम आला की देठापासून बुळबुळीत होते. सुरकुतलेली चालते, बुरशी आलेली कापून उरलेली वापरणं नको, आत पोकळी असते आणि तिथे काय पसरलंय दिसत नाही. चिरलेली डब्यात घालून दोन दिवसात संपवा.

आणि ते नर-मादीचं! आमचा भाजीवाला अजून सांगतो, ताई खाली चार उंचवटे असलेली मादी, गोड, तीन असलेली नर, भाजीची. ढोबळीच्या एकाच फुलात दोन्ही असतं, फळाला नर-मादी नसतंच, उंचवटे वाणाप्रमाणे आणि वाढताना कमीजास्त होतात. मी एकदा समजावून बघितलं, तर तो म्हणाला, बरं, मग तुम्हाला कुठली देऊ, तीनवाली का चारवाली?

तर माझ्या हिमोग्लोबिनचं काय झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच होत्या, त्या मी कधी घेत कधी विसरत होते, त्या नीट घेतल्या. आणि ढोबळी सोडली नाही, तिची जागा बदलली. तिच्यात लोह नसल्यातच जमा पण तिचं सी डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं, अट एकच, दोन्ही एकाच जेवणात पाहिजे. म्हणून आता मटकीच्या उसळीवर कांद्याबरोबर बारीक चिरलेली कच्ची लाल ढोबळी, वरून थोडं दाण्याचं कूट, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहा तेच लोह अडवतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. महाग वाटत असेल तर पेरू घ्या, १०० ग्रॅमला सी २२८, सीझनला ढोबळीच्या निम्म्या भावात. पेरू मटकीवर घालून बघितला नाहीये अजून.